चार शिक्षकांची शाळा

"ही फाइल चुकली आहे," मावशी म्हणाली. "प्रोग्रॅमचाच घोळ असणार. काढ शोधून."

भिंगरी खुर्चीसकट गर्रकन वळली. घरात तिला हे नाव उगाच पडलं नव्हतं. सुट्टी लागल्यापासून ती मावशीच्या प्रयोगशाळेत पडीक होती, पण खरंखुरं काम आज पहिल्यांदाच मिळत होतं.

हा प्रोग्रॅम मावशीने वर्षानुवर्षं खपून लिहिला होता. हातावर सेन्सरची चिकट जाळी लावायची, बोट दाबायचं. मग स्नायूंमधून त्वचेवर येणाऱ्या विजेच्या गोंगाटातून प्रोग्रॅम एकेका मोटर युनिटचे ठोके वेगळे काढायचा. सुई टोचायला नको. भिंगरीनेही पहिल्याच दिवशी जाळी लावून घेतली होती आणि हातावर उमटलेले लाल ठिपके संध्याकाळपर्यंत मैत्रिणींना मिरवून दाखवले होते.

ठोके खरे, की प्रोग्रॅमच्या मनाचे खेळ? उद्या प्रोग्रॅमला मंजुरी द्यायला येणारे तपासनीस नेमकं हेच विचारणार होते. एक फाइल जरी खोटी निघाली, तरी सगळी मेहनत पाण्यात.

"कुणाचा हात आहे हा?"

"तपासणाऱ्याला माणूस माहीत नसावा, असा नियमच आहे. आज सकाळी घेतलाय, एवढं पुरे. आणि आधी ही बाटली उघडून दे."

"झाकणालासुद्धा असिस्टंट?"

"फुकट मिळालीये, वापरून घेते."

भिंगरीने झाकण फिरवलं आणि स्क्रीनला नाक लावलं. बाकीच्यांच्या फाइलींत ठोक्यांच्या ओळींची नुसती झुंबड होती. इथे ओळी चारच. पण ठोके कसले दणदणीत!

"बघ, चारच," मावशी डाव्या हाताने माउस सरकवत म्हणाली. "बाकीचे प्रोग्रॅमने गिळले."

"थांब गं, असं कसं गिळेल?"

तिने प्रत्येक ठोक्याभोवतीचा सिग्नल कापला, तुकडे एकावर एक रचले, सरासरी काढली. ठोके खोटे असते तर सगळं सपाट झालं असतं. झालं नाही. चारही ओळींतून उंच, स्वच्छ आकार उभे राहिले. मग तिने ते चारही मूळ सिग्नलमधून वजा केले. मागे काहीच उरलं नाही.

"गिळलेबिळले नाहीत! इथे आहेतच चार!"

"जाळी नीट चिकटली नसेल."

"चिकटलीये. प्रत्येक सेन्सर बघितलाय मी."

"पुन्हा बघ."

"मावशी, तू स्वतःच्याच प्रोग्रॅमच्या मागे हात धुऊन का लागलीयेस?"

मावशीने डाव्या हाताने माउस पुन्हा पहिल्या ओळीवर नेला.

"हे बघ, सोप्पंय," भिंगरीला आता जोरच चढला. "मोटर युनिट म्हणजे एक चेतापेशी आणि तिचे स्नायूतंतू; समज, एक शिक्षक आणि त्याचा वर्ग. शिक्षक ओरडला की अख्खा वर्ग उठतो. ह्या शाळेतले बरेच शिक्षक निघून गेलेत. उरलेल्या चौघांनी त्यांची पोरं आपापल्या वर्गात कोंबलीयेत. म्हणून ठोके मोठे!"

"आणि हे चौघेही गेले तर?"

"ते त्या शाळेने बघावं! आपला प्रोग्रॅम पास, मावशी! शंभर टक्के! दे टाळी!"

मावशीने डावा हात पुढे केला.

"डावा काय देतेस!" म्हणत भिंगरीने एप्रनच्या खिशातून तिचा उजवा हात ओढून काढला.

अंगठा आणि तर्जनीच्या मधे, खोलगट झालेल्या जागी, लाल ठिपक्यांचा चौकोन अजून ताजा होता.