जेवणाच्या खोलीतला बाक

भिंतीवरच्या कागदाचा भलामोठा पापुद्रा एकदम सुटून त्याच्या डोक्यावर आला, आणि ती खळखळून हसली. किती दिवसांनी हसली होती. तो तसाच शिडीवर उभा राहिला, डोक्यावर कागद घेऊन, मुद्दाम.

“अहो, उतरा आता, पडाल,” ती म्हणाली. “आणि तो वरचा कोपरा राहिलाय.”

“उतरू की कोपरा करू?”

“कोपरा करून उतरा.”

जेवणाची खोली बदलायचं खूळ तिचंच. खोली त्याच्या आईच्या काळातली. भिंतींना तपकिरी फुलांचा कागद, खिडकीला जाड काळपट पडदे, मधोमध टेबल आणि त्याभोवती उंच पाठीच्या चार खुर्च्या. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय ताटातलं दिसायचं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती म्हणत होती, एकदा या खोलीचं रुपडं पालटायचंय. मग मुली झाल्या, त्यांच्या शाळा सुरू झाल्या, आणि मग तिचं दुखणं निघालं. हॉस्पिटलातून घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता म्हणाली, “आता करूनच टाकू.”

तो लगेच हो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावून जे सांगितलं होतं, त्यानंतर तो तिच्या कशालाच नाही म्हणू शकला नसता. औषधांचा आता उपयोग नव्हता. हाताशी फार तर दोन-तीन महिने होते. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच. ती उमेदीनं रंगांचे नमुने चाळत बसायची, आणि तो बाथरूममध्ये नळ मोठा सोडून रडून घ्यायचा.

पैसा उपचारांतच आटला होता. म्हणून जमेल ते सगळं घरच्या घरी. रंग त्यानं स्वतः दिला. तिचा आवडता पिवळा आणायला निघाला, तर म्हणाली, “मला काय विचारता? मुलींना विचारा.” मुलींनी बरंच भांडून फिका निळा ठरवला. पडदे जुन्या पांढऱ्या चादरींचे झाले. इतकी वर्षं शिलाई मशीनला कुणाला हात लावू न देणारी ती, या वेळी थोरलीला मशीनवर बसवून स्वतः शेजारी स्टुलावर बसली. पहिल्याच पडद्याची शिवण वाकडी गेली. थोरली उसवायला लागली.

“राहू दे गं,” ती म्हणाली. “पुढचा सरळ येईल.”

दिव्याला वेताच्या टोपलीची शेड केली, ती धाकटीनं रंगवली. निम्मा रंग टोपलीला, निम्मा फ्रॉकला. एरवी ती पोरीवर किती रागावली असती! आता नुसती बघत बसली. त्याला वाटलं, थकते बिचारी. स्वतःला होत नाही, म्हणून पोरींकडून करून घेते.

खोली उजळली. मग तिनं सुताराला बोलावलं आणि अडगळीतला मोडका पलंग दाखवला.

“याच्या फळ्यांचे दोन बाक करा. टेबलाच्या दोन्ही बाजूंना. लांब हवेत.”

सुतारानं एका खुर्चीवर बोटांनी टकटक केली. “वहिनी, या खुर्च्यांना काय धाड भरलीय? पॉलिश मारलं की नव्यासारख्या होतील.”

“होतील. पण मला बाक हवेत.”

बाक आले त्याच दिवशी जुनं सामान घेणाराही आला. तीन खुर्च्या उचलून त्यानं हातगाडीवर टाकल्या. चौथी न्यायला वळला, तर नवऱ्यानं ती धरून ठेवली होती. स्वयंपाकघराच्या दारालगतची ती खुर्ची तिची. वाढता वाढता उठायला सोपी पडायची म्हणून तिथली. एक पाय दुमडून बसायच्या तिच्या सवयीनं खुर्चीची गादी एका बाजूला खचली होती.

“ही राहील,” तो म्हणाला.

“अहो, बाकांमध्ये कशी दिसेल ती एकटी?”

“दिसू दे कशीही.”

“सगळ्या गेल्या, मग हीच कशाला?”

“राहील म्हटलं ना!”

त्याचा आवाज चढला. तिच्या दुखण्यात एकदाही चढला नव्हता. मुली धावत आल्या आणि दारातच थबकल्या. खोलीतलं सगळं नवं झालं होतं, सगळं तिच्या मनासारखं झालं होतं, आणि त्याला तिचं म्हणावं असं एवढंच काहीतरी हवं होतं.

“तुझी आहे ती,” तो कसाबसा म्हणाला. “तुझ्या जागेवरची.”

“म्हणूनच.”

तिनं मुलींना सामानवाल्यासाठी पाणी न्यायला पाठवलं. त्या गेल्यावर ती जवळ आली. खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळलेल्या त्याच्या हातांवर तिनं हात ठेवला. त्या हाताला आता वजनच राहिलं नव्हतं.

“डॉक्टरांनी तुम्हाला आत बोलावलं ना, त्याआधी मला सांगितलं होतं,” ती हळूच म्हणाली. “मीच म्हटलं त्यांना, ह्यांना तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

त्याचे हात सुटेनात. शेवटी तिनंच त्याचं एकेक बोट सोडवलं.

“खुर्ची रिकामी राहते हो,” ती म्हणाली. “बाकावर माणसं सरकून बसतात.”