एका ओळीची दुरुस्ती

"घेतलंस ते परत जागेवर ठेव गं, मागचा खोळंबतो!" पाणी पिऊन भांडं कुठंही ठेवलं की आई ओरडायची.

आईचा श्वास ज्या व्हेंटिलेटरवर थांबला, त्याच्या कर्नलमधली, म्हणजे मूळ प्रोग्रॅममधली चूक शेवटी तो बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअर लेकीलाच सापडली. श्वास मोजणारं काम लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारी किल्ली, घ्यायचं आणि मध्येच अडखळलं की ते न सोडताच निघून जायचं. अलार्म वाजवणारं काम त्याच लॉकसाठी मुक्यानं ताटकळत राहायचं. तिनं लॉक सोडणारी एक ओळ घातली.

"कुठल्या दिवट्यानं लिहिलं होतं हे?" साहेब हसले. तिनं फाईल बंद केली.

आई गेली त्या दुपारपासून बाबांनी दिवसा कधी पाठ टेकली नव्हती. "तिच्या उशाशी बसल्या बसल्या डोळा लागला माझा," आजही ते तेच म्हणाले. "अलार्म कोकलत असेल आणि मी घोरतोय! मीच घालवली गं तिला."

आठ महिने शिवलेले ओठ तिनं आज उसवले.



"बाबा, अलार्म वाजलाच नव्हता. तो कोड माझा होता. घेतलेलं मी परत ठेवलं नव्हतं."