घासाची परतफेड

युद्धावरून परतलेला तामरात आज प्रथमच घराबाहेर पडला होता. गोंदर शहरातल्या गजबजलेल्या खानावळीत त्याची आई, अरेगाश, इंजेराचा, त्या आंबवलेल्या मऊ पोळीचा, तुकडा तोडी, त्यात घट्ट मसूर गुंडाळी आणि घास त्याच्या तोंडात देई. इथल्या रीतीप्रमाणे सगळेच एकमेकांना प्रेमाने भरवत होते. कुणी वळूनही पाहिले नाही. त्यासाठीच तिने ही जागा निवडली होती.

जेवण वाढणारी मुलगी हसली. "एवढा दाढीवाला बाप्या झालास, तरी लाड संपेनात! अरे, आता तूही भरव की आईला. घासाची परतफेड नको?"

तामरातची मान खाली गेली.

"लेकाच्या हातचं खाण्याइतकी थकले नाही गं मी अजून," अरेगाश ताठ मानेने म्हणाली.

मग थकल्या हातांनी तिने त्याच्या शालीबाहेर आलेल्या दोन्ही रिकाम्या बाह्या हलकेच आत सारल्या.