टिलीचं कार्ड

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला ग्रिम्स्बीतल्या शाळेत मुख्याध्यापकांनी टिलीचं कार्ड भिंतीवरून काढलं. चौथीच्या मुलांनी 'डिस'ने सुरू होणारा एकेक इंग्रजी शब्द घरून कार्डावर अर्थासह लिहून आणला होता. एकाने 'डिसलाइक'खाली कोबीचं चित्र काढलं होतं. टिलीने लिहिलं होतं, 'डिसमिस म्हणजे कामावरून काढणं. पगारवाढ मागितली म्हणून मासळीच्या कारखान्याने बाबांना डिसमिस केलं.' "आज कारखान्याचे मालक नवं वाचनालय बघायला येतायत. जरा भान ठेवा, हेझल," मुख्याध्यापक म्हणाले. वर्गशिक्षिका हेझलबाईंचं डोकं सणकलं. "वाचनालय बघायला येतायत ना? मग वाचू देत की!" "त्यांनीच बांधून दिलंय ते." "अर्थ चुकलाय का तिचा?" सरांनी घड्याळ बघितलं. दारात उभ्या टिलीने विचारलं, "बाई, माझं चुकलं?" हेझलबाईंनी सरांच्या हातातून कार्ड हिसकावलं, चार टाचण्या टोचून भिंतीच्या मधोमध लावलं. फाटकाशी मालकांची गाडी थांबली होती.