वीणेचा पहारा

बळीरामबुवांनी गळ्यातली वीणा काढून आमदारांच्या गळ्यात घातली आणि रिवाजाप्रमाणे वाकून त्यांच्या पायांना हात लावला. घेणाऱ्यानंही देणाऱ्याच्या पाया पडायचं असतं. सप्ताहात लहानमोठा कोणी नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पायाशी सगळे. पण प्रभाकरशेठ वाकले नाहीत. ते फोटोग्राफरकडे वळले.

बुवांची कानशिलं तापली.

शेठचं पनवेलचं ऑफिस सांभाळणाऱ्या हरेशनं नामजपाचा माईक उचलला. "बहात्तरला पहिला विजय! अठ्ठ्याहत्तरला तीनशे मतांनी घात झाला, पण ऐंशीला वचपा काढला! पंच्याऐंशी, नव्वद, दर वेळी लीड वाढतंच! आणि आता या पंच्याण्णवला पाचव्यांदा..."

"बाबा, हितं नाव देवाचं चाललंय," बायकांमधून बुवांची कारभारीण मालू म्हणाली. "तुमचं मागून घ्या."

मांडवात हसू फुटलं आणि लगेच विझलं. हसण्याचे दिवस नव्हते. दोन पावसाळ्यांपूर्वी खाडीच्या बांधाला खांड पडली होती. भरतीचं खारं पाणी त्या भगदाडातून आत येई आणि निम्मी भातशेती मिठानं पांढरी झाली होती. या पावसाच्या आत खांड बुजली नाही, तर उरलेलीही जाणार होती. बुवा सात वेळा पनवेलला जाऊन शेठच्या बाकड्यावर बसून आले होते. दर वेळी उत्तर एकच, "पाहणीला येतो." आणि चार दिवसांपूर्वी साप्ताहिकात शेठचं निवेदन छापून आलं होतं: त्या गावात खाडीचं पाणी येत नाही, ही विरोधकांची अफवा आहे. मालूला वाचता येत नव्हतं. तिनं ते दोनदा वाचून घेतलं होतं.

फोटो झाले. बारा वाजत आले होते.

"घ्या बुवा," शेठ म्हणाले. "गव्हाणला सभा आहे, लोक थांबलेत."

बुवा टाळकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले होते. त्यांनी टाळ हातात घेतले.

"बुवा?"

"राम कृष्ण हरी," बुवा म्हणाले आणि टाळावर टाळ पडला.

शेठनी वीणा थोडी वर उचलली, कोणी घेईल म्हणून. वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. ती खाली ठेवली तर सप्ताह मोडतो, आणि मांडवात अडीचशे मतं बसलेली होती. मतदानाला दहाबारा दिवस राहिले होते.

वीणा घेऊन उभं राहायचा पुढचा पहारा शिवाचा होता. तो अंघोळ करून, बुक्का लावून खांबाशी उभा होता.

"ये रे शिवा."

"माझा पहारा एकचा हाय, शेठ," शिवा हात जोडून म्हणाला. "घाई कशाला? वीस वर्षांत आज पयल्यांदा उभं ऱ्हायलाव आमच्या गावान."

हरेश पुढे सरसावला. "साहेब, माझ्याकडे द्या."

"थांब," मालू उठून उभी राहिली. "सकाळी काय खाल्लास?"

"ऑम्लेट-पाव," हरेशच्या तोंडून निघून गेलं. पहाटेपासून प्रचार, स्टेशनजवळच्या हॉटेलात सगळ्या पोरांनी मिळून तोच खाल्ला होता. बाकीचे कार्यकर्ते मांडवाच्या कनातीकडे पाहू लागले.

"अंडं खाऊन वीणेला हात लावशील?" मालूनं विचारलं.

"हा काय प्रकार आहे, बुवा?" शेठ दबक्या आवाजात म्हणाले. मान अवघडली होती, कपाळावर घाम आला होता. "मला कोंडून ठेवताय?"

बुवांनी टाळ थांबवले. एवढ्या वर्षांत शेठपुढे चढला नव्हता असा त्यांचा आवाज चढला.

"कोंडलंय कोनी? दार मोकलं हाय. वीणा ठेवा खाली नि जा! आमी पाच येला तुमच्या पेटीत मत टाकलं, बांध सांभालाल म्हनून. तुमाला एक वीणा तासभर सांभालवत नाय?"

शेठनी तार छेडली. दुसरं काय करणार?

मालूनं लुगड्याच्या ओच्यातून साप्ताहिकाची घडी काढली, नीट उलगडली आणि शेठसमोरच्या खांबाला खोचली. मग शेजारणीला म्हणाली, "आज अवस ना गो?"

"व्हय. साडेबाराची भरती."

आधी वास आला. मग मांडवापुढच्या खाचरांमधून पाणी सरकत आलं, आवाज न करता, दुपारच्या उन्हात लखलखत. पहिलं खाचर भरलं, दुसरं भरलं. शेठ पाहत होते. तोंड दुसरीकडे फिरवायला जागा नव्हती. पाणी मांडवाच्या कडेला आलं.

गावानं आपल्या वहाणा देवळाच्या वरच्या पायरीवर ठेवल्या होत्या. अवसेला गाव त्या तिथेच ठेवतं. पाहुण्यांच्या तेवढ्या खाली, खाचराकडेला. शेठचे काळे बूट आधी डुलले, मग जोडीनं सुटले आणि हळूहळू शेतात निघाले.

"साहेब, बूट!" हरेश ओरडला आणि धोतराचा सोगा उचलून धावायला निघाला.

"बस रं खाली," मालू म्हणाली. "अफवा हाय ती."