नाकाचा नळ

तानाबाईनं घागर खाली ठेवली आणि भिंतीवरच्या नळाची तोटी फिरवायला हात घातला. हाताला तोटी लागली नाही, ओला पिवळा रंग लागला. मागं उभ्या बायकांची हसून मुरकुंडी वळली.

बहात्तरचा उन्हाळा होता. कळंब्याच्या वाटेवरच्या त्या वस्तीला तळं हाकेच्या अंतरावर, पण नळ नव्हता. बायकांनी डोक्यावरूनच पाणी आणायचं. अर्ज करून लोक थकले होते. शेवटी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या यज्ञेश्वरनं वखारीच्या भिंतीवर एक नळ काढून दिला, सावलीसकट.

"पेंटर, रंगानं घागर भरती व्हय?" तानाबाईनं विचारलं.

यज्ञेश्वर वरमला. तिची चेष्टा करायचा त्याचा हेतू नव्हता. मग आठवडाभर खपून त्यानं त्या नळाभोवती खुर्चीत बसलेला साहेब रंगवला. नळ झाला साहेबाचं नाक. पुढं घागरी घेतलेल्या बायकांची रांग. वाट बघून त्यांच्या माना बगळ्यासारख्या लांबलेल्या. रांगेत पहिला नंबर म्हशीचा, तिच्या तोंडात अर्ज. तानाबाईला आपला चेहरा ओळखू आला, पायांच्या भेगाही ओळखू आल्या. ती खूश झाली. नाकाला एक थेंब तरी लाव, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"नाही मावशी. जे नाही ते मी काढत नाही."

"मग नाकाचा नळ कुठं असतोय?"

"तो आहे. कचेरीत जाऊन बघा."

चित्राचा बोलबाला झाला. पार कागलहून माणसं बघायला येऊ लागली. एक दिवस पाणीखात्याचे साहेबच जीपमधून उतरले. चित्रातला चष्मा त्यांचाच होता. ते बराच वेळ बघत राहिले, हसले मात्र नाहीत. चित्रातल्या नाकाला हात लावून त्यांनी स्वतःचं बोट निरखलं.

"उद्या माणसं पाठवतो," ते म्हणाले. "या भिंतीचं काय करायचं ते सांगतो त्यांना."

यज्ञेश्वरनं ओळखलं, आता हे चित्र जाणार. लोक हसत होते तोवर निदान इकडं कुणी बघत तरी होतं. चित्र गेलं की नळाची आशाही गेली.

दुसऱ्या दिवशी चार माणसं आली. खांद्यावर पहारी, हातगाडीवर ताडपत्रीनं झाकलेलं सामान. ती मागच्या बाजूनं वखारीत शिरली. भिंत आतून फोडणार हे उघडच होतं. आपल्या डोळ्यांदेखत ते नको म्हणून यज्ञेश्वर दार लावून बसला. दिवसभर ठोकाठोक चालली. त्याला घास गेला नाही.

दिवे लागायच्या वेळेला आवाज थांबला. तो भीत भीत बाहेर आला, तर भिंत उभी होती. म्हैस, बायका, साहेब, सगळे जागच्या जागी. त्याचे डोळे भरून आले. साहेब वाटले तेवढे वाईट नव्हते.

तो जवळ गेला आणि त्याचं डोकं फिरलं. साहेबाच्या नाकाच्या टोकाशी कुणीतरी एक थेंब काढून ठेवला होता. तानाबाईचंच काम असणार, दुसऱ्या कुणाचं? थेंब साधला होता झकास, पण खोटा थेंब तो राहू देणार नव्हता.

त्यानं तो अंगठ्यानं पुसला. अंगठ्याला रंग लागला नाही, गार तोटी लागली. नाकाच्या टोकाशी दुसरा थेंब धरत होता.