भाडेकरू बाई

“हितं हात लावून बघा, बाई.”

सोजराबाईनं लोखंडी कपाट बाजूला ओढलं. तहमीनानं भिंतीला तळवा टेकला. भर एप्रिलात भिंत ओली लागत होती.

“वरनं रंग दिलाय, आतनं पाणी झिरपतंय. दारावर तडा गेलाय त्यो बघा. मे महिन्यात नळाला चार दिसाआड पाणी. आन् पुढचा व्हरांडा आपला समजू नका. रस्ता मोठा करनार हायेत, मोजणीवाले खुणा करून गेलेत.” म्हातारीनं टाचेनं जमीन ठोकली. “पाया मात्र काळ्या दगडाचा हाय. त्याची काळजी नगं.”

तहमीना दौंडच्या शाळेत गणित शिकवायची. अठरा वर्षांच्या पगारातून बाजूला टाकत गेलेल्या पैशांचं तिला एक घर घ्यायचं होतं. राहायला नव्हे, भाड्यानं द्यायला. पहिलाच व्यवहार, म्हणून ती फुंकून फुंकून पावलं टाकत होती. अकरा घरं पाहून तिनं नको म्हटलं होतं. “तू घर घेणारेस का घरांची परीक्षा?” असं तिचा नवरा सिद्दीक विचारायचा. पण तिनं आपला नियम सोडला नव्हता. एजंटाबरोबर पाहिलेलं घर आवडलं, की एकदा कुणाला न सांगता एकटीनं जाऊन पाहायचं.

वरवंडचं हे बारावं घर, आणि आज ती एकटीच आली होती. पुढं भाड्यानं दिलेला दुकानाचा गाळा, मागं दोन खोल्या. मालक स्वराज पुण्याला असतो, त्याला तिकडं फ्लॅट घ्यायचाय, म्हणून घाईनं विकतोय, असं एजंट मच्छिंद्रनं सांगितलं होतं. “मागं एक भाडेकरू बाई हाय, मॅडम. महिनाअखेरपत्तुर खोल्या मोकळ्या करून देतो.”

परतताना एसटीत तहमीना विचार करत राहिली. जिला घर सोडावं लागणार आहे, ती त्याला नावं ठेवणारच. गिऱ्हाईक पळालं तर तिला हवंच आहे. पण मग पायाचं कौतुक कशाला केलं?

तिनं एकेक गोष्ट पडताळली. ग्रामपंचायतीत विचारलं, व्हरांड्याचे चार फूट खरंच रस्त्यात जात होते. शेजारणीला विचारलं, पाणी खरंच चार दिवसांआड येत होतं. ओळखीचा मिस्त्री नेला. त्यानं ओल पाहिली, तडा ठोकून पाहिला, कोपऱ्यात थोडं उकरलं आणि म्हणाला, “पाया एक नंबर.” म्हातारीचा शब्द न् शब्द खरा निघाला. ते सगळं मच्छिंद्रपुढं मांडल्यावर किंमत दीड लाखानं उतरली. सोमवारी इसार द्यायचा ठरला.

रविवारी तहमीना पुन्हा वरवंडला गेली. जिच्यामुळं आपण फसता फसता वाचलो, तिलाच बाहेर काढायचं तिच्या जिवावर आलं होतं.

“मावशी, घर मी घेतेय. पण तुम्ही जायचं कारण नाही. आहे त्याच भाड्यात राहा.” तिनं पर्समधून डायरी काढली. “किती देता महिन्याला?”

सोजराबाई गोंधळली.

“भाडं? पोराच्या घरात आईकडनं कोन भाडं घेतं, बाई?”

तहमीना उंबऱ्यावरच बसली. तिनं विचारलं, “मग स्वराज तुम्हाला पुण्याला नेणार ना?”

“एकच बेडरूम हाय म्हनतोय. बघू म्हनतोय.”

व्यवहार मोडावा, असं तहमीनाला आधी वाटलं. मग आपल्यानंतर येणारं गिऱ्हाईक डोळ्यांपुढं आलं. ते काही रविवारी परत येऊन विचारणार नव्हतं. तिनं मनाशी हिशेब केला. नुसत्या गाळ्याच्या भाड्यावर घराचे पैसे वसूल व्हायला कितीतरी वर्षं लागणार होती. पण पाया पक्का होता. तिनं तिथूनच मच्छिंद्रला फोन लावला.

“मागच्या दोन्ही खोल्या मालकाच्या आईला हयातीपर्यंत राहायला, बिनभाड्यानं. खरेदीखतात तसं लिहायचं. तरच घेते.”

मच्छिंद्र चाचरला. “मालक ऐकायचे न्हाईत, मॅडम.”

“मग दुसरं गिऱ्हाईक आणा. त्याला घर दाखवायला मावशी आहेतच.”

अर्ध्या तासानं फोन आला. मालक तयार होता.

सोजराबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकला. कप हातात घेताना तहमीनाला राहवलं नाही.

“मावशी, घर विकलं जाऊ नये म्हणून मला ओल दाखवलीत ना? खरं सांगा.”

“न्हाई वो. त्याला पुण्यात घर व्हावं, असं मला बी वाटतंय की.” म्हातारीनं स्टो बंद केला. “पर त्यानं ओल झाकून रंग दिला. फसल्यालं मानूस तळतळतं, बाई. माझ्या लेकराला कुनाचा तळतळाट लागू नये, म्हनून जो येईल त्याला मी भिंतीला हात लावाय लावते.”